२०७ की २०८? एका वाचनालयाची जुनी डीबीएफ फाइल वाचताना : प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाने १९९० च्या दशकात पुस्तकांची दाखल नोंदवही संगणकावर आणली होती. प्रोग्राम क्लिपर या डेटाबेसच्या भाषेत लिहिलेला, डॉस या विंडोजच्या आधीच्या प्रणालीवर चालणारा. मराठीसाठी संगणकात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड, म्हणजे भारतीय लिप्या दाखवणारे जोडकार्ड, बसवलेले होते. नोव्हेंबर १९९९ मध्ये हा प्रोग्राम एकदा मध्येच बंद पडला. त्यानंतर तो कोणी दुरुस्त केला नाही आणि नोंदी पुन्हा कागदी वहीत होऊ लागल्या. संगणक भंगारात गेला, पण जाण्यापूर्वी कोणीतरी दोन फाइली सीडीवर उतरवून ठेवल्या होत्या : एक डीबीएफ, म्हणजे नोंदींचा तक्ता, आणि तिच्या जोडीची डीबीटी, म्हणजे लांब मजकुराची (मेमो) फाइल.

वीसेक वर्षांनी वाचनालयाने नवी ग्रंथालय प्रणाली घेतली, तेव्हा अकरा हजारांवर पुस्तकांच्या नोंदी पुन्हा हाताने टाकायच्या की या फाइलींतून काढायच्या, हा प्रश्न आला. काम ग्रंथपाल आणि पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा जाणणारा एक स्वयंसेवक अशा दोघांनी केले.

ओळख पटू नये म्हणून इथले आकडे थोडे बदलले आहेत, मात्र त्यांचा आपसातला हिशेब जुळता ठेवला आहे. बाइटच्या सगळ्या किमती दशमान पद्धतीत, म्हणजे ० ते २५५ अशा दिल्या आहेत.

अडचण

फाइल स्प्रेडशीटमध्ये उघडत होती. दाखल क्रमांक, किंमत आणि तारीख नीट दिसत होती. पुस्तकाचे नाव आणि लेखक या रकान्यांत मात्र युरोपीय भाषांतली टिंबे-टोप्यांची अक्षरे होती. फाइल खराब झाली आहे, असा निष्कर्ष यापूर्वी दोन जणांनी काढला होता.

फाइल खराब नव्हती. अशा फाइलीत दोन वेगळे थर असतात. पहिला थर रचनेचा : कोणत्या बाइटपासून कोणती नोंद सुरू होते, रकाना किती लांब आहे. दुसरा थर अक्षरांचा : रकान्यातला १७९ हा बाइट 'क' आहे की आणखी काही. स्प्रेडशीटने पहिला थर बऱ्यापैकी ओळखला होता आणि दुसऱ्यासाठी विंडोजचा पाश्चात्त्य संकेत गृहीत धरला होता. पण 'बऱ्यापैकी' म्हणजे किती, हे स्प्रेडशीट सांगत नाही.

विचारात घेतलेले पर्याय

जुना प्रोग्राम डॉसबॉक्ससारख्या अनुकरणावर चालवून यादी छापून घेणे, हा पहिला विचार. तो लगेच सोडावा लागला, कारण प्रोग्रामची फाइलच उरली नव्हती, आणि असती तरी जिस्ट कार्ड हे संगणकात बसवायचे वेगळे कार्ड होते.

स्प्रेडशीटमधून मजकूर काढून नंतर अक्षरे बदलणे, हा दुसरा. हा मोहात पाडणारा पर्याय आहे आणि म्हणूनच घातक. स्प्रेडशीट रद्द केलेल्या नोंदी गुपचूप गाळू शकते, लांब रकाने कापू शकते आणि जतन करताना हेडर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीचा तिच्या रचनेची माहिती देणारा भाग, बदलू शकते. मधल्या पायरीवर काय हरवले हे नंतर शोधता येत नाही.

तयार डीबीएफ वाचक वापरणे, हा तिसरा. रचनेचा थर तो सांभाळतो, पण पायथनच्या मूळ संचात इस्की या भारतीय लिप्यांच्या मानकाचा संकेत नाही, त्यामुळे अक्षरांचे काम स्वतःच करावे लागणार होते. शिवाय हेडर आणि फाइलची लांबी यांत फरक निघाला तर कोणता वाचक कोणावर विश्वास ठेवतो हे दर वेळी तपासावे लागते.

हाताने पुन्हा नोंदणी हा चौथा पर्याय राखीव ठेवला. डीबीएफची रचना साधी असल्याने स्वतःचा वाचक लिहायचा आणि तयार वाचकाशी निकाल ताडून पाहायचा, असे ठरले. त्याआधी सीडीवरच्या फाइलींची प्रत काढून, तिचा एसएचए-२५६ हॅश (फाइल जराही बदलली तर बदलणारी ओळखखूण) लिहून ठेवून, प्रत केवळ वाचण्यापुरती खुली ठेवली.

हेडरचे पहिले ३२ बाइट

पहिला प्रयत्न फसला तो फाइल उघडण्याच्या पद्धतीमुळे. स्वयंसेवकाने फाइल मजकूर म्हणून उघडली आणि चूक येऊ नये म्हणून लॅटिन-१ हा संकेत दिला. लॅटिन-१ मध्ये २५६ पैकी प्रत्येक बाइटला अक्षर असते, त्यामुळे तक्रार येतच नाही. पण मजकूर म्हणून उघडलेल्या फाइलीत पायथन ओळीच्या शेवटाच्या सगळ्या खुणा एकसारख्या करतो : एकटा १३ आला तरी त्याचा १० करतो आणि १३, १० अशी जोडी आली तर दोहोंचा मिळून एकच १० करतो. डीबीएफमध्ये रकान्यांची यादी संपल्याची खूण नेमकी १३ ही आहे. ती शोधणारा लूप कधीच थांबत नव्हता. जोडीचे प्रकरण याहून वाईट : फाइलीत २,५७३ नोंदी असत्या तर ती संख्या १३, १० अशीच लिहिली गेली असती, एक बाइट नाहीसा झाला असता आणि पुढची प्रत्येक जागा एकाने सरकली असती.

फाइल बायनरी पद्धतीने उघडल्यावर चित्र स्पष्ट झाले. मोजणी शून्यापासून धरली तर ० व्या जागी ३ किंवा १३१ असतो. १३१ म्हणजे सोबत मेमो फाइल आहे, आणि इथे तोच होता. १ ते ३ या जागी शेवटच्या बदलाची तारीख : ९९, ११, १७, म्हणजे १७ नोव्हेंबर १९९९. ४ ते ७ मध्ये नोंदींची संख्या, ८-९ मध्ये हेडरची लांबी, १०-११ मध्ये एका नोंदीची लांबी.

संख्येचे चार बाइट होते १४८, ४४, ०, ०. डीबीएफमध्ये लहान वजनाचा बाइट आधी येतो, म्हणजे लिटल एंडियन. म्हणून १४८ अधिक ४४ गुणिले २५६, बरोबर ११,४१२. उलट क्रमाने वाचले तर २४८ कोटींवर नोंदी निघतात, म्हणजे ही चूक निदान ओरडून सांगते. बाइटची संख्या करून देणाऱ्या पायथनच्या स्ट्रक्ट मॉड्यूलला क्रम स्पष्ट सांगितला नाही तर तो त्या त्या यंत्राचा क्रम धरतो. आजच्या बहुतेक यंत्रांवर तो योगायोगाने बरोबर येतो, पण योगायोगावर रूपांतर उभे करू नये.

हेडरची लांबी निघाली ३२२. रकाने नऊ होते आणि प्रत्येकाचे वर्णन ३२ बाइटचे. ३२ अधिक २८८ अधिक शेवटची खूण १, बेरीज ३२१. जास्तीचा एक बाइट शून्य होता. क्लिपर १३ नंतर असा शून्य ठेवतो. विदा कुठून सुरू होते हे १३ सापडल्यावरून ठरवले असते तर सगळ्या नोंदी एका बाइटने सरकल्या असत्या. सुरुवात नेहमी हेडरने दिलेल्या लांबीवरूनच घ्यावी.

बेरीज २५६ ने चुकते

रकान्याच्या वर्णनात ११ बाइट नाव, १ बाइट प्रकार, मग ४ बाइट सोडायचे, मग १ बाइट लांबी, १ बाइट दशांश स्थळे, उरलेले १४ सोडायचे. सगळ्या रकान्यांच्या लांबीची बेरीज अधिक एक ही हेडरमधल्या नोंदीच्या लांबीएवढी यायला हवी. तो 'अधिक एक' म्हणजे प्रत्येक नोंदीच्या सुरुवातीची रद्द-खूण.

हेडर म्हणत होते ४८३. बेरीज येत होती २२७.

फरक बरोबर २५६ चा होता आणि तोच धागा ठरला. एका बाइटमध्ये २५५ पेक्षा मोठी लांबी मावत नाही. क्लिपर मजकुराच्या लांब रकान्यासाठी दशांश स्थळांचा बाइट वरचा अंक म्हणून वापरतो. 'सारांश' या रकान्याची लांबी ४४ आणि दशांश स्थळे १ दिसत होती. मजकुराला दशांश स्थळे कसली? खरी लांबी २५६ अधिक ४४, म्हणजे ३००. ही बेरीज तपासली नसती तर पहिल्या नोंदीत सारांशापर्यंतचे रकाने अचूक दिसले असते आणि तेवढ्यावर समाधान मानून पुढे गेल्यावर दुसऱ्या नोंदीपासून सगळा घोळ झाला असता.

जास्तीच्या १९ नोंदी

फाइलची लांबी होती ५५,२१,४९५ बाइट. त्यातून ३२२ वजा करून ४८३ ने भागले तर भागाकार ११,४३१ आणि बाकी शून्य. हेडर ११,४१२ सांगत होते. फरक १९. फाइलच्या शेवटी असणारा २६ हा बाइटही नव्हता.

बाकी शून्य आली, हे महत्त्वाचे. बाकी उरली असती तर फाइल तुटल्याची शंका घ्यावी लागली असती. इथे पूर्ण १९ नोंदी हेडरच्या हिशेबाबाहेर होत्या. प्रोग्राम मध्येच बंद पडतो तेव्हा डॉस फाइल बंद करतो, पण हेडरमध्ये नवी संख्या आणि तारीख लिहिणे हे प्रोग्रामचे काम असते, ते राहून जाते.

निर्णय कोणाचा? तयार वाचक हेडर प्रमाण मानत असेल तर या नोंदी कोणाला कळणारही नाहीत. लांबी प्रमाण मानली तर कचरा आत येण्याचा धोका. तिसरा पुरावा कागदी वहीत होता. या १९ पैकी १८ नोंदींत दाखल तारीख १८ नोव्हेंबर १९९९ होती, म्हणजे हेडरमधल्या तारखेच्या दुसऱ्या दिवशीची. त्या १८ नोंदी वहीशी दाखल क्रमांकासकट जुळल्या. एकोणिसावी सबंध स्पेसनी भरलेली होती : क्लिपर आधी कोरी नोंद जोडतो आणि मग भरतो, ती भरायच्या आतच प्रोग्राम पडला असावा. १८ घेतल्या, एक गाळली, आणि गाळल्याची नोंद ठेवली.

रद्द नोंदींचा निर्णय

नोंदीचा पहिला बाइट ३२ असेल तर ती चालू, ४२ असेल तर रद्द. डीबीएफमध्ये नोंद पुसली तरी ती जागेवरच राहते. पॅक ही आज्ञा दिल्याशिवाय जात नाही.

पहिल्या चाचणीत रद्द नोंदी शून्य आल्या. तीस वर्षांपूर्वी सुरू झालेल्या वाचनालयात एकही पुस्तक बाद झाले नाही, हे ग्रंथपालांना पटेना, आणि त्यांचा हा अविश्वास योग्य होता. चूक अशी होती : पायथनमध्ये बाइटमालिकेचा एक घटक घेतला तर पूर्णांक मिळतो, आणि एक बाइट लांबीचा तुकडा घेतला तर पुन्हा बाइटमालिका. कोडमध्ये ४२ या पूर्णांकाची तुलना तारांकनाच्या बाइटमालिकेशी केली होती. ती नेहमीच असत्य ठरते आणि चूक म्हणून काहीच दिसत नाही. पायथन सुरू करताना 'बीबी' हा पर्याय दिला की अशा तुलनेवर प्रोग्राम थांबतो. इथून पुढे प्रत्येक चाचणी त्याच पर्यायाने घेतली.

दुरुस्तीनंतर २७४ रद्द नोंदी निघाल्या. त्या सोडून द्याव्यात, असे स्वयंसेवकाचे मत. ग्रंथपालांनी विरोध केला : दाखल क्रमांक एकदा दिला की पुन्हा वापरत नाहीत, पुस्तक बाद झाले तरी वहीत तो क्रमांक राहतो, नाहीतर तपासणीत मध्येच गहाळ क्रमांक दिसतात. म्हणून सगळ्या नोंदी 'बाद' अशी स्थिती लावून आणल्या. त्यांपैकी २३ बाद-वहीत नव्हत्या. त्या दुबार नोंदी निघाल्या आणि वेगळ्या ठेवल्या. कोणती नोंद महत्त्वाची हे फाइलच्या रचनेवरून ठरत नाही, कामाच्या रीतीवरून ठरते.

अक्षरांचा संकेत ओळखणे

मजकूर एखाद्या मराठी फाँटच्या संकेतात आहे की इस्कीत, हे आधी ठरवायचे होते. रकान्यांतल्या बाइटची वारंवारता मोजली. १२८ ते १६० या पट्ट्यात एकही बाइट नव्हता, सगळे १६१ च्या पुढचे. इस्की, म्हणजे भारतीय मानक १३१९४ : १९९१, मध्ये देवनागरी १६१ पासूनच सुरू होते. दुसरा पुरावा विषयाच्या रकान्यात शेकडो वेळा आलेली मालिका : १७९, २१२, २१९, १९४, २१८. इस्कीप्रमाणे हे क, व, ि, त, ा. 'कविता'. पहिली वेलांटी 'व' च्या नंतर आहे, म्हणजे उच्चाराच्या क्रमाने. दिसण्याप्रमाणे अक्षरे मांडणाऱ्या फाँट-संकेतात ती 'व' च्या आधी आली असती.

युनिकोड या आजच्या सर्वलिपी संकेताचा देवनागरी विभाग इस्कीच्या क्रमावर बेतलेला आहे, त्यामुळे ठरावीक संख्या मिळवून रूपांतर होईल असे वाटते. क १७९, त्याचा युनिकोड क्रमांक २३२५, फरक २१४६. हा फरक 'य' पर्यंत टिकतो. इस्कीत मात्र 'य' नंतर २०६ वर नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला, य़ आहे, युनिकोडमध्ये तो दुसरीकडे. त्यामुळे पुढची व्यंजने एकाने सरकतात : 'व' चा 'श' होतो, 'ल' चा 'ळ'. शेवटी गणित सोडून मानकाप्रमाणे पूर्ण तक्ता हाताने लिहिला. तक्त्याला दीड तास लागला. गणित जुळवण्यात दोन संध्याकाळी गेल्या होत्या.

जोड्या एकेका बाइटच्या आधी तपासाव्या लागतात. २३२ हा हलन्त. त्याच्यानंतर पुन्हा २३२ आला तर हलन्त उघडा दाखवायचा, म्हणजे युनिकोडमध्ये जोड तोडणारी अदृश्य खूण लावायची. २३२ नंतर २३३ आला तर जोडणारी खूण. २३४ म्हणजे दंड, पण त्याच्यानंतर २३३ असेल तर अवग्रह. २३९ आला तर तो आणि पुढचा बाइट मिळून लिपी किंवा ठसा बदलण्याची सूचना असते, मजकूर नव्हे.

१७४ या बाइटचा निर्णय वेगळा घ्यावा लागला. मानकाप्रमाणे तो ए वर चंद्र असलेला ऍ. मराठी वाचक ॲ लिहितो, आणि हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. काही नोंदींत 'अ' अधिक चंद्र असे १६४, २२७ हे दोन बाइटही होते. शोधताना तीन रूपे नकोत म्हणून सगळी ॲ वर आणली.

आचारी आणि आचार्य

आता मजकूर वाचता येत होता, एकही चूक दिसत नव्हती, आणि काम संपल्यासारखे वाटत होते. ग्रंथपालांनी २०० नावांची छापील यादी मागितली. पाककला विभागात एका पुस्तकाच्या नावात 'आचाऱ्यांसाठी' च्या जागी 'आचार्यांसाठी' छापून आले होते. भूगोलाच्या यादीत 'दऱ्या' चे 'दर्या' झाले होते. स्वयंपाकी विद्वान झाले आणि दरीचा समुद्र झाला, तरी दोन्ही शब्द मराठीत शुद्ध आहेत, त्यामुळे कोणत्याही शब्दतपासनीसाला हे सापडले नसते.

मूळ बाइट पाहिले : १९६, २०८, २३२, २०५, २१८. 'दऱ्या' बरोबर होते. २०८ म्हणजे ऱ, २०७ म्हणजे र. तक्ताही बरोबर होता. बिघाड त्यानंतरच्या पायरीत होता. वाचनालयात हिंदी पुस्तकेही होती आणि शोध सोपा व्हावा म्हणून ज़, फ़ यांचे नुक्ते काढण्याची पायरी घातली होती : मजकूर युनिकोडच्या विघटित रूपात न्यायचा, नुक्ता गाळायचा, पुन्हा जोडायचा. युनिकोडमध्ये ऱ चे विघटन र अधिक नुक्ता असे होते. पायरीने तो नुक्ताही इमानदारीने गाळला.

मोजल्यावर मूळ फाइलीत २०८ हा बाइट १,१२६ वेळा आणि निकालात ऱ शून्य वेळा आढळला. शेतकरी, वारकरी, पुढारी ही नामे अनेकवचनात किंवा विभक्तीत आली की त्या ऱ शिवाय त्यांचे मराठीपण राहत नाही. नुक्त्याची पायरी मूळ मजकुरावरून काढून फक्त शोधासाठीच्या वेगळ्या रकान्यात ठेवली, आणि तिथेही ऱ आणि ळ यांना हात लावायचा नाही असा नियम केला.

मेमो फाइल

डीबीटी ५१२ बाइटच्या तुकड्यांची असते. मेमो रकान्यातले दहा अंक म्हणजे तुकड्याचा क्रमांक. त्याला ५१२ ने गुणले की सुरुवात मिळते, आणि मजकूर २६ या बाइटपाशी संपतो. क्लिपरचा संपादक ओळ मोडताना १४१, १० अशी मऊ खूण घालतो, वापरणाऱ्याने दिलेली खरी ओळ मात्र १३, १० असते. मऊ खुणेच्या जागी स्पेस ठेवून सलग स्पेस एक केल्या, खऱ्या ओळी राखल्या.

निकाल

११,४३१ पैकी कोरी एक नोंद सोडून ११,४३० नोंदी नव्या प्रणालीत गेल्या : ११,१५६ चालू, २५१ बाद, २३ दुबार म्हणून वेगळ्या. प्रत्येक नोंदीसोबत तिचे मूळ ४८३ बाइट वेगळ्या रकान्यात सोळाच्या पायातल्या अंकांत जपले, म्हणजे पुढे एखादा नियम चुकीचा वाटला तर सीडी शोधावी लागणार नाही. किमती दशांश प्रकारात वाचल्या. तीन नोंदींत किमतीच्या जागी नुसती तारांकने होती : रक्कम रकान्यात मावली नाही की असे होते. त्या किमती वहीतून भरल्या.

नव्या प्रणालीत एक अडचण आयत्या वेळी आली. इस्कीत प्रत्येक खूण एका बाइटची, युनिकोड साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीची प्रत्येक खूण तीन बाइटची. ६० बाइटचे नाव १८० पर्यंत जाते. नव्या कोष्टकात नावाचा रकाना १०० बाइटचा होता. तो वाढवला नसता तर लांब नावे अक्षराच्या मधोमध तुटली असती.

वेगळे काय करता आले असते

उलट रूपांतराची चाचणी पहिल्या दिवशी हवी होती : युनिकोडमधला निकाल पुन्हा इस्कीत नेऊन मूळ बाइटशी ताडायचा. ऱ ची चूक ती चाचणी एका मिनिटात पकडते, छापील यादीची वाट पाहावी लागत नाही. ॲ सारख्या, जाणूनबुजून एकत्र केलेल्या रूपांची अपवाद-यादी मात्र सोबत ठेवावी लागते.

हेडर, रकाने आणि फाइलची लांबी यांचे तीन हिशेब कोडमध्ये नंतर घातले गेले. ते आधी आणि सक्तीचे हवे होते, म्हणजे एकही न जुळल्यास प्रोग्रामने पुढे एक नोंदही वाचायची नाही.

छापील यादीसाठी नावे सुरुवातीची २०० घेतली होती. 'आचाऱ्यांसाठी' त्यांत होते हे नशीब. प्रत्येक बाइट निदान पाच वेळा येईल अशी यादी निवडायला फार तर दहा ओळींचा कोड लागला असता.

आणखी एक तपासणी शेवटी सुचली. मूळ ६० बाइटच्या रकान्यात नाव मावले नाही तर ते जिथे मिळेल तिथे तुटते, आणि कधी कधी शेवटचा बाइट २३२, म्हणजे लोंबकळणारा हलन्त, राहतो. अशी ४१ नावे निघाली. त्यांपैकी २३ वहीवरून पूर्ण झाली. उरलेल्या १८ पुस्तकांची नावे वहीतही तितकीच अर्धी आहेत. ती कपाटातून काढून मुखपृष्ठावरून लिहायची आहेत.